सोनूदादांचं गाऱ्हाणं

आमच्या कारखान्यात मालकाची तक्रार करायची तर ती मालकाच्या देखत, हात जोडून आणि देवाकडे करायची, असा रिवाज होता. तो पाडला सोनूदादांनी. हंगामात दर सोमवारी सकाळी, बॉयलर पेटवायच्या आधी, शेजारच्या भिंतीतल्या कोनाड्यापुढे ते नारळ घेऊन उभे राहायचे. खाकी अर्धी विजार, बाह्यांचा बनियन, कमरेला गुंडाळलेला पंचा. मागे तीसेक बायका, दहाबारा पुरुष आणि सगळ्यांच्या मागे मालक, म्हणजे माझे वडील, अण्णा. सोनूदादा घसा खाकरून गाऱ्हाणं सुरू करायचे आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी एका सुरात होकार भरायचा.

"बा देवा महाराजा."

"व्हय महाराजा."

"बायकांच्या मोरीची कडी तुटलीय. एकीनं आत जायाचं नि दुसरीनं भायेर दार धरून ऱ्हायाचं, ह्यो तरास कोणाच्या तरी ध्यानात येऊंदे रं महाराजा."

"व्हय महाराजा."

अण्णा डोळे मिटून ऐकायचे. गुरुवारपर्यंत मोरीला नवी कडी लागलेली असायची. ती कोणी मागितली, कोणी बसवली, याचा उच्चारही व्हायचा नाही. देवाला सांगितलं, देवानं ऐकलं, मधे अण्णांनी पालीच्या बाजारातून कडी आणली एवढंच.

गाऱ्हाणं एकतर्फी नसायचं, हे मी मुद्दाम सांगतो. आंब्याची साल जाड निघतेय, रस सालीबरोबर फुकट जातोय, हेही देवाच्या कानावर घातलं जायचं आणि त्यालाही बायका तितक्याच खणखणीत आवाजात होकार द्यायच्या. मात्र कोणाचं नाव कधी आलं नाही. एखादी बाई दुसरीची चुगली घेऊन सोनूदादांकडे गेली की ते तिला पहिल्याच शब्दाला अडवायचे. "नाव नको, गोष्ट सांग," म्हणायचे. नावं घेतली गेली असती तर अर्ध्या बायकांना आपली गोष्ट सांगावीशीच वाटली नसती.

एकदा अण्णा एका बाईवर सगळ्यांसमोर ओरडले होते. तिच्या हातून रसाची बादली कलंडली होती. पुढच्या सोमवारी सोनूदादांनी देवाला सांगितलं की ऊन वाढलंय, माणसाचा आवाज चढतो, तो चढलेला आवाज उतरू दे. मागून सगळ्यांचा "व्हय महाराजा" आला आणि त्यात अण्णांचाही होता. मी तेव्हा शाळेत होतो. मला वाटलं, हे सगळे मिळून नाटक करतायत. नाटक नव्हतं ते, पण हे कळायला मला फार वर्षं लागली.

कारखाना कसला, मोठी पत्र्याची शेडच ती. हातखंब्याहून पालीकडे निघालं की उजव्या हाताला, कातळावर. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत आंब्याचा रस डब्यांत भरायचा, आणि उरलेलं वर्ष कोकम, फणस असं किरकोळ काही. सोनूदादा अढीवर असायचे. म्हणजे पेंढ्यात घातलेल्या आंब्यांतला आज कोणता काढायचा आणि कोणाला अजून दोन दिवस झोपू द्यायचं, हे ते ठरवत. देठाशी अंगठा हलकेच टेकवून ते आंबा बाजूला ठेवायचे. चिकानं त्यांची बोटं कायमची काळी पडली होती. मुकादम असं त्यांना कोणी नेमलेलं नव्हतं. तरी एखादीचं पोर आजारी असलं की तिला लवकर कोण सोडणार, सासूशी भांडून आलेलीला कोणाशेजारी बसवायचं, हे सगळं त्यांच्याकडेच जायचं. मला ते लहानपणापासून भाऊ म्हणत. अंगठ्यानं दाबून दाखवून त्यांनीच मला आंबा ओळखायला शिकवलं होतं, आणि मी ते नीट शिकलो नव्हतो.

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती तेव्हा मी पुण्याहून व्यवस्थापनाची पदविका घेऊन परतलो. अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, जिने चढायला बंदी होती, म्हणून कारखाना माझ्याकडे आला. मी काय काय केलं ते आता सांगायचं तर अंगावर काटा येतो. शेडच्या टोकाला उंचावर काचेची केबिन बांधली, तिथून सगळ्यांचे हात दिसावेत म्हणून. बायकांच्या गप्पा फार वाढल्या की मी खिडकीशी येऊन दोनदा टाळी वाजवायचो. टाळीनं माणसं चटकन भानावर येतात, असं माझं मत होतं. त्या चटकन वर बघायच्या, हे खरं आहे.

दोन हजार सालच्या हंगामात मी सोमवारचं गाऱ्हाणं बंद केलं. अर्धा तास फुकट जातो, हे खरं कारण. सांगताना मात्र मी झुबेदाबींचं कारण दिलं. खाडीकाठच्या गावातून येणाऱ्या झुबेदाबी डबे पुसायच्या कामावर होत्या. कारखान्यात सगळ्या धर्मांचे लोक आहेत, त्यांना अवघडल्यासारखं वाटतं, असं मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. झुबेदाबींना मी काही विचारलं नव्हतं. त्या इतकी वर्षं दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहायच्या आणि सगळ्यांचं "व्हय महाराजा" म्हणून झालं की आपलं "आमीन" म्हणायच्या, आणि त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं झालं असं कोणालाच वाटायचं नाही. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि त्या कामाला लागल्या.

गाऱ्हाण्याच्या जागी मी सूचनापेटी लावली. प्लायवूडची, वर फट, खाली कुलूप, किल्ली माझ्या खिशात. सगळ्यांना जमवून भाषण केलं. मनात असेल ते लिहा, नाव लिहू नका, नाव मी कधीही विचारणार नाही, हा माझा शब्द. सोनूदादांनी पेटीवरून हात फिरवला, फटीत बोट घालून बघितलं आणि म्हणाले की पेटी मजबूत झालीय. त्यात काही बोच होती का, हे मी ताडून बघितलंही नाही. मी खूश होतो.

तीन आठवडे पेटीतून विडीचं थोटूक आणि एक आंब्याचं पान निघालं. चौथ्या शनिवारी एक चिठ्ठी निघाली. आमच्याच डब्याच्या लेबलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : धाकल्या शेठनी टाळी वाजवून हाक मारू नये. आम्ही कोंबड्या नाही.

इतकंच. आज वाचताना मला त्यात एकही शब्द जास्त वाटत नाही. त्या दिवशी मात्र कानशिलं तापली. मी एवढा शिकून आलो, यांच्यासाठी पेटी लावली, आणि त्यातून मला हे मिळावं? चिठ्ठी खिशात घालून टाळी बंद केली असती तर तिथेच सगळं संपलं असतं. अण्णांनी तेच केलं असतं. मी केबिनमधून उतरलो, काम थांबवलं, सगळ्यांना साली काढायच्या टेबलांभोवती उभं केलं, चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, ही कोणी लिहिली.

मी सांगितलं की नाव कळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. साडेपाचची एसटी गेली तर आतल्या गावांतल्या बायकांना चालत जावं लागणार होतं, हे मला माहीत होतं, म्हणूनच मी ते म्हणालो. एकीचं तान्हं मूल घरी होतं. ती रडायला लागली. तिच्या शेजारची तिचा दंड धरून उभी राहिली. पाच वाजून गेले.

मग अढीकडून सोनूदादा पुढे आले. पेंढा झटकला, पंच्याला हात पुसले आणि म्हणाले, "मी लिवलं, भाऊ. सोडा बायकांना."

सोनूदादांना लिहिता येत नाही हे मला ठाऊक होतं. हजेरीच्या वहीत त्यांचा अंगठा असायचा. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. एका अडकलेल्या माणसाला बाहेर पडायला त्यांनी दार उघडून दिलं होतं, आणि तो अडकलेला माणूस मी होतो. मी म्हणायला हवं होतं की बरं, ठीक आहे, चला घरी. त्याऐवजी मी खिशातलं पेन काढलं, एक लेबल उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "लिहा मग. हीच दोन वाक्यं परत लिहून दाखवा."

त्यांनी पेन घेतलं. सुरी धरतात तसं मुठीत धरलं. टेबलावर वाकले आणि तसेच राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता. बायकांनी एकेक करून माना वळवल्या. कोणी पत्र्याकडे बघत होतं, कोणी पायांकडे. साठीला आलेल्या माणसाची ही अवस्था बघायची नाही, एवढं त्या सगळ्यांना कळत होतं. मी एकटा बघत होतो.

शेवटी ते सरळ झाले. पेनाला टोपण लावलं, माझ्यापुढे धरलं. "नाय येत, शेठ," म्हणाले. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासूनचा भाऊ त्या क्षणाला शेठ झाला.

मी म्हणालो, "लिहिता येत नाही, पण खोटं बोलता येतं." आणि हसलो. माझ्याबरोबर बाकीचे हसतील असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही.

बायकांना एसटी मिळाली. चिठ्ठी कोणी लिहिली ते मला आजही माहीत नाही.

सोमवारी सगळे वेळेवर आले. मला वाटलं होतं, दोनचार जणी तरी दांडी मारतील, कुजबुज होईल. तसं काही झालं नाही. गप्पा बंद झाल्या होत्या. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं होत होतं आणि न सांगितलेलं एकही काम होत नव्हतं. मी केबिनमधून बघायचो आणि स्वतःला समजावायचो की शिस्त लागली. टाळी मी बंद केली होती. ती अभिमान गिळून बंद केली असं नाही. वाजवायला गरजच उरली नव्हती.

पंधरवड्यानं गोदामातले डबे फुगायला लागले. डब्याचं झाकण दाबणाऱ्या यंत्राचा एक रूळ सैल झाला होता. चार दिवसांचा माल हवा शिरून नासला. रूळ असा पूर्वीही सैल व्हायचा, पण पहिल्या दहा डब्यांतच कोणीतरी हाक द्यायचं. डबे पुसणाऱ्या हाताला झाकणाची कड लगेच लागते. मी झुबेदाबींना विचारलं की तुमच्या लक्षात कसं आलं नाही. त्या म्हणाल्या की आलं होतं, पहिल्याच दिवशी. मग सांगितलं का नाही? झुबेदाबींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुमी म्हनलात, सांगायचं ते पेटीत टाका. मला लिवता येत नाय."

मी हजेरीची वही काढून बसलो. बेचाळीस माणसांत सही करणारी सात होती. बाकी सगळे अंगठे. पुण्याहून शिकून येऊन, सगळ्यांचं ऐकता यावं म्हणून मी अशी वस्तू लावली होती की तिच्यात पस्तीस माणसांना तोंडच नव्हतं. शिवाय ज्या माणसाच्या तोंडून ती पस्तीस माणसं बोलायची, त्याला मी त्यांच्याच समोर उभा करून सोलला होता.

दुसऱ्या दिवशी मी अढीवर गेलो. सोनूदादा पेंढ्यात हात घालून बसले होते. सोमवारपासून गाऱ्हाणं परत सुरू करू या, असं मी म्हणालो. माझ्या सुरात अजूनही परवानगी दिल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी हातातला आंबा पेंढ्यात परत ठेवला. मग म्हणाले, "दुसऱ्या कोणाला सांगा, शेठ. मी चाळीस मान्सांच्या म्होरं खोटा बोललो. खोट्या मान्सानं देवाम्होरं हुबं ऱ्हाऊन काय सांगायचं? नि मागच्यांनी त्याला व्हय कसं म्हनायचं?"

मला वाटलं होतं की ते माझ्यावर रागावले असतील. त्याची मी तयारी केली होती. पगार वाढवायचं, मुकादम म्हणून नेमायचंही ठरवून आलो होतो. पण त्यांच्या हिशेबी त्या दिवशी गुन्हा एकाच माणसाच्या हातून घडला होता, आणि तो मी नव्हतो. बायकांना सोडवण्यासाठी बोललेलं एक वाक्य ते गळ्यात बांधून फिरत होते. ते सोडवणं माझ्या हातात होतं. सगळ्यांना परत त्याच टेबलांभोवती बोलवायचं आणि म्हणायचं की चूक माझी होती, शब्द मी मोडला, सोनूदादा खोटे नाहीत. दोन मिनिटांचं काम. मी म्हणालो, "बघा, विचार करा," आणि केबिनमध्ये गेलो.

हंगाम संपेपर्यंत ते रोज आले. पुढच्या एप्रिलला आले नाहीत. गुडघे धरलेत, चढउतार करवत नाही, असा निरोप पालीच्या एका टेम्पोवाल्यानं आणला. मी तो निरोप लगेच खरा मानला. मला तो हवाच होता. माणूस म्हातारा झाला, थांबला, यात कोणाचा दोष? पुढे केबिन पाडली, पेटी काढली, दुपारी सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागलो. कारखाना सावरला. नव्या बायका आल्या, त्या माझ्याशी मोकळेपणानं बोलतात. बाहेरचे लोक माझं कौतुक करतात की माणसं सांभाळावी ती यांनी. मी मान खाली घालून ऐकतो, त्याला ते विनय समजतात.

पाच वर्षांत मी त्यांच्या गावावरून किती वेळा गेलो असेन. रस्त्यावरून वाडी दिसते. एकदा गाडी थांबवली होती. मग कोणीतरी मागून हॉर्न दिला आणि मी निघालो. हॉर्न नसता दिला तरी निघालोच असतो.

मार्गशीर्षात ते गेल्याचं कळलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. कौलारू घर, पुढे शेणानं सारवलेलं खळं. खळ्यात जुन्या बायकांपैकी आठदहा जणी बसल्या होत्या, झुबेदाबीही होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत, सरकून जागा मात्र केली. सोनूदादांच्या बायकोला मी तोवर कधी बघितलंच नव्हतं. बारीक, ताठ कण्याची बाई. तिनं मला चहा दिला आणि म्हणाली की ते तुमची लय आठवण काढायचे. एवढी मोठी चूक करूनही शेठनी मला हंगामभर कामावर ठेवलं, काढलं नाही, असं सांगायचे.

मी कप खाली ठेवला आणि तिथे, त्या बायकांसमोर, सगळं सांगितलं. चिठ्ठी, पेन, मी काय बोललो ते, कसा हसलो ते. बायकांना ते माहीतच होतं, त्या खाली बघत राहिल्या. शेवटी मी म्हणालो की सोनूदादा खोटं बोलले नव्हते, त्यांनी माझी अब्रू राखायला बघितलं होतं आणि मी त्यांची घेतली. मला माफ करा.

ती रागावली नाही. तिनं पदरानं माझ्या कपाच्या बशीत सांडलेला चहा पुसला.

"गुडघ्यांचं काय नव्हतं त्यांच्या," ती म्हणाली. "शेवटपर्यंत लाकडां फोडत व्हते. दरसाल आंबा सुरू झाला की सकाळचं आंगुळ करून वट्यावर बसायचे नि मला इचारायचे, कारखान्यातनं कोण येऊन गेला काय गं."

मी उठलो तेव्हा झुबेदाबींनी माझ्या चपला सरळ करून ठेवल्या होत्या. मी त्या हातात घेतल्या आणि अनवाणीच रस्त्यापर्यंत उतरलो.